गाडी खरंच ‘लक्झरी’ कशामुळे होते? सनरूफ, स्क्रीन आणि अण्णांची कंबर

ज्यांनी एपिसोड ऐकलाय त्यांना पुढचं सगळं माहितीच आहे. ज्यांना ऑफिसात इयरफोन लावता येत नाहीत, किंवा ज्यांचा डेटा दुपारीच संपतो, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिहून काढलेला भाग. बोलताना मध्ये मध्ये येणारं माझं ‘अं... म्हणजे’ तेवढं काढून टाकलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा प्रश्न साधा आहे. लक्झरी गाडी म्हणजे नक्की काय? महाग गाडी? मोठी स्क्रीन? लेदरच्या सीट? की दार लावल्यावर येणारा तो ‘धप्प’ आवाज?

हा प्रश्न मला पडला तो एका चुकीमुळे. आधी ती सांगतो.

माझी टॉप मॉडेलची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी मी पहिली गाडी घेतली. सात वर्षांचं कर्ज, दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता. बजेटमध्ये मधलं मॉडेल आरामात बसत होतं. पण शोरूममध्ये टॉप मॉडेल उभं होतं. सनरूफ, रंग बदलणारे आतले दिवे, हातभर लांब स्क्रीन आणि मोठे चकचकीत अलॉय व्हील. सेल्समन म्हणाला, “सर, फील बघा, एकदम लक्झरी!” मी फील बघितला आणि सही केली.

गाडी घ्यायचं खरं कारण होतं अण्णा, म्हणजे माझे वडील. ते एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर झालेत. साताऱ्याला असतात. मणक्याचा त्रास आहे, त्यामुळे दर महिना-दीड महिन्याने पुण्याला डॉक्टरांकडे यावं लागतं. म्हटलं, आता आपल्या गाडीतून आणू.

पहिल्याच फेरीत खंबाटकीचा बोगदा ओलांडेपर्यंत अण्णा गप्प होते. शिरवळला चहाला थांबलो तर त्यांना सीटवरून उठता येईना. दाराला धरून दोन मिनिटं तसेच उभे राहिले. मग चहा पिताना शांतपणे म्हणाले, “गाडी छान आहे रे. पुढच्या वेळी मी एसटीनं येतो.”

सात वर्षांचं कर्ज, मंडळी! मी रात्री घरी येऊन शोधायला बसलो. रस्ता तोच, वेग तोच, मग बसमधून येणाऱ्या माणसाला माझ्या ‘लक्झरी’ गाडीत त्रास का झाला? वाचत वाचत थेट रोल्स-रॉइसपर्यंत पोचलो. आजचा एपिसोड त्यातूनच आलाय.

पहिली गोष्ट: शांतता

१९०७ साली रोल्स-रॉइसची एक चंदेरी रंगाची गाडी सुमारे १५,००० मैलांच्या चाचणीवर निघाली. तिचं नाव ठेवलं होतं सिल्व्हर घोस्ट. भूत का? कारण ती इतकी कमी आवाज करायची की आली कधी आणि गेली कधी ते कळायचं नाही. त्या काळातल्या मोटारी म्हणजे चालता-फिरता कारखाना असायच्या, हे लक्षात घ्या. म्हणजे या कंपनीचं नाव झालं त्यामागे वेग नव्हता. गाडी बंद पडत नाही आणि आवाज करत नाही, या दोन गोष्टी होत्या.

पुढे १९५८ मध्ये जाहिरातवाले डेव्हिड ओगिल्वी यांनी याच कंपनीची एक जाहिरात लिहिली. तिचा सारांश असा, की ताशी ६० मैल वेगाला या गाडीत सगळ्यात मोठा आवाज कुठला, तर डॅशबोर्डवरच्या घड्याळाचा. जाहिरातच ती, थोडं मीठ-मसाला असणारच. पण मुद्दा बघा. विकायला काय काढलंय? शांतता.

आता यामागचं गणित. आवाज मोजायचं डेसिबल हे माप साध्या बेरजेचं नाही. साधारण १० डेसिबल कमी झाले की आपल्या कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. म्हणून कागदावर ६५ आणि ७० मध्ये फार फरक दिसत नाही, पण चार तासांच्या प्रवासात डोक्याला तो चांगलाच कळतो.

हे कमी कसं करतात? सगळ्यात सोपा उपाय म्हणजे वजन. २०१७ मध्ये आलेल्या रोल्स-रॉइस फँटममध्ये फक्त आवाज शोषणारं सामान १३० किलोपेक्षा जास्त आहे. म्हणजे दोन धडधाकट माणसं कायम गाडीत बसवून ठेवल्यासारखं! काचा दुहेरी. टायरच्या आतसुद्धा फोमचा थर, कारण टायरमधली पोकळी ढोलासारखी घुमते.

गंमत म्हणजे २०२० च्या नव्या घोस्टच्या वेळी इंजिनिअर लोकांनी शांतता इतकी वाढवली की आत बसणाऱ्याला चमत्कारिक वाटायला लागलं. मग त्यांनी वेगवेगळ्या भागांचे बारीक आवाज एका सुरात जुळवले आणि एक मंद कुजबुज मुद्दाम शिल्लक ठेवली. गाण्याच्या बैठकीत मागे तानपुरा चालू असतो ना, तसंच काहीसं. तानपुरा आपण मुद्दाम ऐकत नाही, पण तो थांबला की लगेच कळतं.

दुखणं मुळातून काढायचं

पण आवाज दाबण्यासाठी नुसतं सामान भरत सुटणं हा एकच रस्ता नाही. यासाठी जपानला जावं लागेल.

१९८३ मध्ये टोयोटाचे प्रमुख एइजी टोयोडा यांनी आपल्या लोकांना विचारलं, जगातल्या सगळ्यात चांगल्या गाड्यांना टक्कर देईल अशी गाडी आपण बनवू शकतो का? त्यातून १९८९ मध्ये लेक्सस एलएस ४०० आली. तिचे मुख्य इंजिनिअर इचिरो सुझुकी. (आडनावावरून गोंधळू नका, आपल्या मारुतीवाल्या सुझुकीशी संबंध नाही.)

सुझुकींचा आग्रह होता की आवाज किंवा थरथर जिथे जन्माला येते तिथेच ती मारायची. इंजिनचे भाग अधिक अचूक घडवा, फिरणारा शाफ्ट शक्य तितका सरळ रेषेत ठेवा, म्हणजे थरथर मुळात तयारच होणार नाही. मग तिला दाबायला वरून गोधड्या टाकाव्या लागणार नाहीत.

कोडिंग करणाऱ्यांना हे लगेच कळेल. एरर आली की ती गुपचूप गिळून पुढे जाणारा कोड आपण सगळ्यांनीच लिहिलाय. डेमोला चालतं. पण बग तिथेच असतो.

ही गाडी किती गुळगुळीत चालते हे दाखवायला त्यांनी टीव्हीवर एक जाहिरात केली. बॉनेटवर शॅम्पेनच्या ग्लासांचा मनोरा रचला, गाडी रोलरवर उभी करून ताशी २३० किलोमीटरच्या आसपास चाकं फिरवली. एकही ग्लास पडला नाही. आता रोलरवर खड्डे नसतात हे खरं, पण इंजिनची थरथर त्यात पूर्ण दिसली असती.

थरथरीवरून आठवलं. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत तीन सिलिंडरचं इंजिन असतं. सिग्नलला उभं असताना स्टिअरिंगमध्ये जी बारीक गुदगुल्या केल्यासारखी थरथर येते, ती त्याचीच. तीन पिस्टन वर-खाली होताना इंजिन पुढे-मागे डोलायला बघतं. सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरमध्ये किंवा व्ही-१२ इंजिनमध्ये ही ओढाताण एकमेकांना पुरती रद्द करते. जुन्या कंपन्या बारा सिलिंडर का सोडत नाहीत, याचं हे एक मोठं कारण आहे. त्यात नुसता ताकदीचा रुबाब नाही.

दुसरी गोष्ट: धक्के

आता अण्णांच्या कंबरेकडे येऊ.

चालताना आपलं शरीर सेकंदाला साधारण दोन वेळा वर-खाली होतं. त्याची आपल्याला जन्माची सवय आहे. म्हणून आरामदायी गाडीचं सस्पेन्शन असं बनवतात की सगळी बॉडी सेकंदाला एकदा किंवा त्याहून थोडं जास्त अशा संथ लयीत हलेल. म्हणजे एक-सव्वा हर्ट्झ. स्पोर्ट्स गाडीत हाच आकडा दोनच्या आसपास जातो.

माणसाला उभ्या दिशेने सगळ्यात जास्त त्रास कुठल्या थरथरीचा होतो? सेकंदाला ४ ते ८ वेळा होणाऱ्या. पोट आणि पाठीचा कणा त्या लयीला साथ देतात, म्हणजे बाहेरचा धक्का आत वाढून लागतो. गाडीतलं सस्पेन्शन, सीटचा फोम, टायर, सगळ्यांनी मिळून हा पट्टा गाळायचा असतो.

मग सस्पेन्शन अगदीच मऊ केलं तर? तसंही चालत नाही. अर्धा हर्ट्झच्या खालची लय म्हणजे बोटीसारखं डुलणं. त्याने मळमळतं. घाटात मागच्या सीटवर कुणाला उलटी होते ती यामुळेच. म्हणून स्प्रिंग मऊ हवी, पण डोलणं वेळेत थांबवणारा डॅम्परही तितकाच तयारीचा हवा. खरी कारागिरी या दोघांच्या मेळात आहे.

१९५५ मध्ये फ्रान्सच्या सिट्रोएन डीएसने यावर भन्नाट उपाय काढला. लोखंडी स्प्रिंगऐवजी गोळ्यात भरलेला नायट्रोजन वायू आणि तेल. वायू दाबला जातो, तेल झटका जिरवतं, आणि किती माणसं बसली तरी गाडीची उंची तीच राहते. पुढे खुद्द रोल्स-रॉइसने १९६५ च्या सिल्व्हर शॅडोसाठी सिट्रोएनच्या या तंत्राचा परवाना घेतला. आज त्याच्या पुढची पायरी म्हणजे हवेचं सस्पेन्शन आणि समोरचा रस्ता वाचणारा कॅमेरा. मर्सिडीजच्या २०१३ च्या एस-क्लासमध्ये तो आला, आणि फँटममध्येही आहे. उंचवटा यायच्या आधीच चाक तयार. (एस-क्लास आपल्या चाकणला जोडली जाते बरं का. पुणे-नाशिक रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलात तर आठवण ठेवा.)

यात एक गोष्ट मात्र कुठल्याही कंपनीपेक्षा एसटीच्या प्रवाशांना आधी माहीत आहे. शेवटच्या बाकावर कधी बसलात? खड्डा आला की टाळकं छताला. कारण ते बाक मागच्या चाकांच्याही मागे असतं. तिथे बस सी-सॉच्या टोकासारखी वागते. दोन्ही चाकांच्या मध्ये बसलेला माणूस सगळ्यात सुखी. आता फँटमच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत साडेतीन मीटरहून जास्त अंतर आहे, आपल्या छोट्या हॅचबॅकमध्ये ते अडीच मीटरच्या आसपास असतं. त्यामुळे तिथला मागचा माणूस चाकाच्या बराच पुढे, निवांत जागी बसतो. लांबीचा उपयोग मिरवण्यापेक्षा इथे जास्त आहे.

अण्णांनी एसटीनं येतो म्हटलं तेव्हा मला वाटलं रागाने बोलले. नंतर कळलं, ते मधल्या सीटचा हिशोब करत होते.

माझ्या गाडीत काय चुकलं?

दोन गोष्टी सापडल्या, आणि दोन्हींचे मी वर पैसे मोजले होते.

एक, मोठे अलॉय. चाकाची बाहेरची उंची जवळपास तेवढीच ठेवून आतली धातूची रिम मोठी केली, की मध्ये रबर उरतं कमी. टायरची कड बारीक होते. धक्का आधी हवा आणि रबर खातं, ते खायला कुणी उरलंच नाही तर पुढचा मान कंबरेचा. दिसायला मात्र गाडी देखणी!

दोन, हवा. पेट्रोल पंपावरच्या दादाने ‘हायवेला चाललाय ना’ म्हणत चाळीसपर्यंत भरली होती. माझ्या गाडीच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर आकडा होता ३३. तो स्टिकर मी दोन महिने बघितला नव्हता. स्क्रीनवरच्या थीम मात्र सगळ्या बदलून झाल्या होत्या.

तिसरी गोष्ट: घाई न होणं

फँटमचं ६.७५ लिटरचं इंजिन ९०० न्यूटन-मीटर टॉर्क देतं, तेही अवघ्या १,७०० आरपीएमला. आपल्या १.२ लिटरच्या गाडीत ११० च्या आसपास टॉर्क असतो आणि तो काढायला इंजिनला चार हजारांपर्यंत पळवावं लागतं. टॉर्क एवढा वाढवण्यामागे कुणाला हरवायचं नसतं. चढ आला, ओव्हरटेक करायचं आहे, तरी इंजिनने ओरडू नये, गिअरचा धक्का कळू नये, यासाठी तो सगळा साठा. रोल्स-रॉइसच्या डॅशबोर्डवर आरपीएमचा काटाच नाही. त्याऐवजी ‘अजून किती ताकद शिल्लक आहे’ हे दाखवणारा काटा आहे.

इलेक्ट्रिक गाड्यांनी हा भाग स्वस्त केलाय, कारण मोटर पहिल्या क्षणापासून टॉर्क देते आणि थरथरही नाही. पण त्यात एक मेख आहे. इंजिनचा आवाज गेला की त्याच्या आड लपलेले वाऱ्याचे आणि टायरचे आवाज ऐकू यायला लागतात. तेव्हा इलेक्ट्रिक आहे म्हणजे आपोआप लक्झरी, असं नाही.

ब्रेकची शेवटची दोन फूट

हा भाग मी इंटरनेटवर नाही, अण्णांकडून शिकलो.

वेग बदलतो त्याला प्रवेग म्हणतात, हे शाळेत झालंय. पण शरीराला खटकतो तो प्रवेगातला अचानक बदल. इंग्रजीत त्याला नावच ‘जर्क’ आहे. गाडी थांबते त्या शेवटच्या क्षणी प्रवेग एकदम शून्य होतो आणि मान पुढून मागे जाते. रोल्स-रॉइस शोफरना जे प्रशिक्षण देते त्यात हा धक्का न देता गाडी थांबवण्यावर भर असतो.

मी हे अण्णांना मोठ्या कौतुकाने सांगितलं. ते हसले. म्हणाले, “अरे, आमचा कंडक्टर हातात पेटी घेऊन, उभ्यानं तिकिटं फाडायचा. त्याचा तोल गेला तर माझी ड्रायव्हिंग खराब. थांबायच्या आधी दोन फूट ब्रेक थोडा सोडायचा. गाडी आपली आपण टेकते.”

तीस वर्षं खडखडणाऱ्या गाडीत हा माणूस चाळीस-पन्नास लोकांना ही सेवा देत होता. त्याच्या स्वतःच्या मणक्याने त्याची किंमत मोजली. आणि मी त्याला सनरूफ दाखवत होतो.

लेदर आणि लोकर

एक मजेशीर उलटापालट. जुन्या लिमोझिनमध्ये लेदर कुठे असायचं? पुढे, ड्रायव्हरच्या सीटला! तो उघड्यावर बसायचा, पाऊस झेलायचा, म्हणून टिकाऊ चामडं. मागे मालकाला मऊ कापड. जपानची टोयोटा सेंच्युरी १९६७ पासून चालत आलेली गाडी आहे, बड्या लोकांना मागच्या सीटवर बसवून नेण्यासाठीच बनवलेली. तिच्यात आजही लोकरीच्या कापडाच्या सीट मिळतात. कापड सरकल्यावर करकरत नाही, उन्हात चटका देत नाही. आपल्याकडे मे महिन्यात काळ्या लेदरेटवर चड्डी घालून बसलेल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

गाडी बिघडल्यावर काय होतं?

शेवटची कसोटी. लेक्सस बाजारात येऊन काही महिनेच झाले होते. डिसेंबर १९८९ मध्ये दोन ग्राहकांनी वायरिंग आणि ब्रेकच्या दिव्याबद्दल तक्रार केली. फक्त दोन. कंपनीने तोवर विकलेल्या सगळ्या, म्हणजे सुमारे ८,००० गाड्या वीस दिवसांत दुरुस्त केल्या. माणसं घरी येऊन गाडी घेऊन गेली, नीट करून परत दिली. जिथे डीलर जवळ नव्हता तिथे विमानाने मेकॅनिक पाठवले, गॅरेज भाड्याने घेतलं.

नवीन ब्रँड होता, नाव बुडालं असतं. उलट त्या दुरुस्तीनेच लोकांचा विश्वास बसला. ग्राहकाचा वेळ आणि मनस्ताप वाचवणं, हेसुद्धा त्या गाडीचं फीचरच होतं.

मग आपण काय करायचं?

आतापर्यंतची यादी एकदा बघा. आवाज, थरथर, धक्के, घाई, मनस्ताप. चांगली लक्झरी गाडी यातलं एकेक आपल्या अंगावरून काढून घेते. शोरूममध्ये मात्र आपल्याला गाडीत काय काय *घातलंय* तेच दाखवतात, कारण उभ्या गाडीत तेवढंच दिसतं.

म्हणून दहा लाखांची गाडी घेतानाही एवढं करा:

– टेस्ट ड्राइव्हला स्टिरिओ आणि एसीचा पंखा बंद ठेवा. खराब रस्ता मुद्दाम शोधा.
– दहा मिनिटं मागच्या सीटवर बसा. आई-वडील तिथेच बसणार आहेत.
– मधल्या मॉडेलला चाक लहान आणि टायर जाड असेल तर दोन्ही चालवून बघा, मगच टॉप मॉडेलचं बोला.
– छताजवळचं हँडल ओढून सोडा. खाटकन आदळतं की सावकाश जागेवर जातं? जे कुणी बघत नाही तिथे कंपनीने किती लक्ष दिलंय ते कळतं.
– टायरमध्ये हवा स्टिकरवरच्या आकड्याइतकीच. जास्तही नाही, कमीही नाही.
– आणि ती शेवटची दोन फूट. ती फुकट आहेत.

मी काय केलं? त्याच गाडीच्या मधल्या मॉडेलला कंपनीने जे चाक दिलंय ते बसवून घेतलं, अलॉय विकून टाकले. हवा ३३ केली. रोज ऑफिसला जाताना सिग्नलला ब्रेक सोडायची प्रॅक्टिस केली. मागच्या कॅबवाल्याने वैतागून हॉर्न मारले, ते सोडा. गाडी काही रोल्स-रॉइस झाली नाही. तीन सिलिंडर अजून गुदगुल्या करतातच.

गेल्या महिन्यात अण्णांना आणायला गेलो. एसटीनं येतो म्हणत होते, आईने ढकलून बसवलं. बोगदा गेला, शिरवळ आलं. चहाला थांबू का विचारायला बघतो तर अण्णा तोंड उघडं टाकून झोपलेले. मी थांबलो नाही. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर गाडी टेकवली तेव्हाही त्यांना जाग आली नाही.

सनरूफ त्या दिवशी बंदच होतं. एकंदरीत मी ते पाचेक वेळा उघडलं असेल. हप्ता अजून पाच वर्षं आहे.

तुमच्या घरी गाडी कोण, कुणासाठी घेतंय? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. भेटू पुढच्या शनिवारी!